बायाक्कांच्या गच्चीवरची आकाशगंगा

शहापुरात हिवाळ्याच्या दुपारी हवा दिसते. मागावरून उडालेलं धाग्याचं पीस गल्लीभर तरंगत असतं, एरवी ते डोळ्यांना कळत नाही. पण मार्गशीर्षातलं तिरकं ऊन दोन घरांच्या मधल्या फटीतून आत शिरलं, की त्या उजेडाच्या पट्ट्यात असंख्य बारीक कण सावकाश वर-खाली होताना दिसतात. खाली बसत नाहीत, कुठे जातही नाहीत. लग्न होऊन निपाणीहून नवीन आले होते तेव्हा मी पायरीवर बसून हे बघत राहायची, आणि शेजारच्या घरातून आवाज यायचा, "काय बघतीस गं मंगल? नाकात जाईल ते! आत बस!"

तो आवाज बायाक्कांचा. त्या रागावलेल्या नसायच्या. त्यांचं साधं बोलणंच तसं होतं. जन्म वडगावचा, शहापुरात दिली, म्हणजे मागाच्या आवाजातून उठून मागाच्याच आवाजात आल्या. सासरी आल्या तेव्हा हातमाग होता. त्यांचे यजमान तम्मण्णा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे असा जायचा, की नव्या नवरीला त्या तालावर पेंग यायची. पुढे पॉवरलूम आले. घराच्या पुढच्या खोलीत दोन बसले, आणि त्या खडखडाटात बायाक्कांचे कान हळूहळू विरत गेले. एकदम काही झालं नाही. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची थाप. तम्मण्णा वारले तेव्हा भटजी काय म्हणताहेत ते त्यांना कळत नव्हतं आणि त्या ओठांकडे बघून हात जोडत होत्या, हे मी पाहिलंय.

मुलाने, अमृतने, कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. त्यांनी ते एकदा लावलं आणि काढलं. "मागाचाच आवाज दुप्पट येतोय गं ह्यात. बाकी काय न्हाय."

अमृत उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये पत्र्याचं काम करतो. त्याची बायको ऋतिका कंग्राळीची, शेतकऱ्याची मुलगी, भौतिकशास्त्रात एम. एस्सी. होऊन कॉलेजात शिकवायची आणि घरी आली की लॅपटॉप उघडून बसायची. पडद्यावर चित्र कधी नसायचंच. नुसती एक थरथरती रेघ, तिच्यात मध्येच एखादं शिखर. मी ताक मागायला म्हणून जायची आणि तिथेच टेकायची. मला त्या रेघेची ओढ लागली होती.

"वहिनी, हा ढग आहे," ती म्हणायची. "आपल्या पावसाचा नाही. ताऱ्यांच्या मधल्या अंधारातला. वायू आणि धूळ. इतका विरळ, की आपण ज्याला रिकामं म्हणतो त्याहूनही रिकामा. पण पसरलाय एवढा, की उजेडालाच पार व्हायला वर्षं लागतात. साध्या दुर्बिणीतून बघितलं तर आकाशात काळं भोक पडल्यासारखं दिसतं. धुळीनं मागचा सगळा उजेड अडवलेला असतो."

"मग तुला आतलं कसं दिसतं?"

"रेडिओ लहरी धुळीला जुमानत नाहीत. आरपार येतात. आतमध्ये रेणू असतात ना, अमोनियाचे, कार्बन मोनॉक्साइडचे, अल्कोहोलचेसुद्धा. तिथे ते गरगर फिरत असतात. प्रत्येक रेणूची फिरायची आपापली गत ठरलेली. एका गतीवरून खालच्या गतीवर उतरताना तो एक बारीकशी लहर सोडतो, आणि तिची लांबी ठरलेली असते. अमोनियाची वेगळी, अल्कोहोलची वेगळी. मोठ्या तबकडीनं ती पकडायची. मग कळतं ढगात काय आहे, किती गार आहे, कुठे दाटलंय."

बायाक्का भाकरी थापता थापता आमच्या ओठांकडे बघत असायच्या. "दारू हाय म्हनते ढगात?"

"आहे की, आई. समुद्रच्या समुद्र."

"तरीच तम्मण्णा वर गेल्यापास्नं एकदा पन सपनात आलं न्हाईत!"

ऋतिका पोट धरून हसायची, आणि हसू ओसरलं की सासूसमोर पाटावर बसून ओठ नीट हलवत सगळं पुन्हा सांगायची. तारा कसा जन्मतो ते मी त्या चुलीपुढेच ऐकलं. ढगात सगळ्यात जास्त हायड्रोजन असतो. त्याचे अणू एकेकटे फिरत असतात तोवर त्यांची एक लहर येत राहते. मग धुळीच्या एखाद्या कणावर दोन अणू येऊन टेकतात, त्यांची जोडी जमते, आणि जोडी जमली की हायड्रोजन गप्प होतो.

"लगीन झाल्यावर गप्प बसतोय तर," बायाक्का म्हणाल्या. "बापयाचीच जात."

"म्हणून मग दुसऱ्या रेणूंना विचारावं लागतं, ढग कुठे दाटलाय म्हणून. आणि तेच रेणू त्या लहरींवाटे ढगातली ऊब बाहेर सोडत असतात. ऊब राहिली तर ढग फुगलेला राहतो. ती निघून गेली, पुरता गारठला, की मग स्वतःच्या वजनानं आत आत आवळत जातो. आवळून आवळून पोटात तापतो, आणि तारा पेटतो."

बायाक्का भाकरी उलटायच्या थांबल्या. "आधी गार व्हायचं, मग पेटायचं?"

"व्हय."

त्या बराच वेळ तव्याकडे बघत राहिल्या. भाकरी करपली. त्या दिवशीची ती करपलेली भाकरी मी खाल्लीय, म्हणून लक्षात आहे.

ऋतिकाला पुण्याच्या एका संशोधन संस्थेत दोन वर्षांसाठी जागा मिळाली, तेव्हा बायाक्का "जा" म्हणाल्या. लगेच म्हणाल्या. अमृत इथलं काम बघून जाऊन-येऊन राहणार, असंही ठरलं. मार्गशीर्ष अमावास्येनंतरच्या सोमवारी तिने निघायचं. गल्लीत सगळ्यांना वाटलं, बायाक्का मोठ्या मनाच्या. पण त्यानंतर त्या स्वयंपाकघरात गप्प गप्प झाल्या. सून बोलायला लागली की तिच्या ओठांकडे बघायच्याच नाहीत, म्हणजे त्यांच्यापुरतं तिचं बोलणं बंदच.

एकदा डाळ निवडताना मी विचारलं, म्हणजे ओरडून विचारलं. त्या डाळीतच बघत म्हणाल्या, "मी अडवत न्हाय गं तिला. तशी म्हातारी न्हवं मी. पन ती कशापायी जाती ते मला ठावंच न्हाय. सांगती लई, मी मान हालवती. अमृत कुठं जातोय म्हटलं तर पत्रा दिसतोय. हे मागावर बसलं तर साडी दिसायची. हिचं काय दिसतंय? जायच्या आधी एकदा, एकदाच, माझ्या डोळ्याला कळू दे. न्हायतर लोक इचारतील, बायाक्का, सून कुठं गेली? काय सांगू? ढगात गेली म्हनू?"

"तिला सांगा की मग."

"आनि ती कानाला लावून ऐकायचं काय तरी देईल. रेडिओ न्हवं का ते? मला ऐकू येनार न्हाय, मी खोटंच 'आलं, आलं' म्हनीन, तिला कळंल. त्यापरीस नगं."

मी ते ऋतिकाला सांगितलं. यात माझं काही मोठं काम नव्हतं, भिंतीला भिंत लागून असली की एवढं होतंच. ती त्याच संध्याकाळी सासूपुढे बसली. "आई, त्यात ऐकायचं काहीच नसतं. कुणीच ऐकत नाही. लहर येते, यंत्र तिची रेघ काढतं, आणि रेघ डोळ्यांनी बघायची. मी तुम्हाला आपल्या गच्चीवर दाखवते."

गच्चीवरून अमोनिया किंवा अल्कोहोल दिसण्यासारखं नव्हतं, त्याला डोंगराएवढी तबकडी लागते. पण ढगांचा कच्चा माल, एकेकटा फिरणारा हायड्रोजन, साध्या पत्र्याच्या कर्ण्यानेही सापडतो म्हणाली. अमृतने वर्कशॉपमधल्या जस्ती पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यांतून चौकोनी तोंडाचा कर्णा करून आणला. वर रुंद, खाली निमुळता, बुडाशी बोटाएवढी एक तांब्याची तार आत काढलेली. तिथून वायर लॅपटॉपला. मोडीत निघालेल्या हातमागाच्या लाकडांवर तो आकाशाकडे तोंड करून बसला, आणि गल्लीत बोभाटा झाला.

"बायाक्का, गच्चीवर पिठाची गिरनी काढलीस व्हय?" समोरच्या शालूबाईंनी आपल्या गच्चीवरून हाक मारली. "वरनं गहू टाकायचं का?"

पहिल्यांदा लावलं त्या दिवशी पडद्यावर रेघच उरली नाही. नुसतं गवत माजल्यासारखं. गल्लीतल्या मागांच्या मोटारी, त्यांचे जुने स्टार्टर, प्रत्येक ठिणगीची एक लहर उठत होती, आणि आकाशातली लहर त्यापुढे काहीच नव्हती. ऋतिका डोक्याला हात लावून बसली. "एवढ्या दंग्यात ते सापडायचं नाही."

बायाक्कांनी तिचे ओठ वाचले. "दंगा बंद पायजे तुला? अमावास्या हाय की!"

आमच्या गल्लीत अमावास्येला माग बंद. कुणी ठरवलं, कधीपासून, कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी मागाला तेल द्यायचं, अडकलेलं पीस काढायचं, हळद-कुंकू लावून नारळ फोडायचा. आणि अमावास्येच्या दुपारी, ऋतिका हिशोब करून म्हणाली, आकाशगंगेचा एक दाट पट्टा नेमका डोक्यावरून जाणार होता.

"भर दुपारी?" मी म्हटलं.

"उन्हाचा काय संबंध? ती रात्रंदिवस तिथेच असते."

मधल्या दिवसांत कर्ण्यात पीस साठायला लागलं, पारवे तोंडावर येऊन बसायला लागले. ऋतिका सकाळी कॉलेजला निघाली होती, एक पाय चपलेत, बायाक्कांनी विचारलं, "वर कापड बांधलं तर चालतंय?" ती म्हणाली, "चालतंय की, आई. एवढ्या धुळीतनं येतंय ते, कापडाला काय विचारतंय!" आणि बस गाठायला पळाली.

आता त्या घरातली एक रीत सांगायला हवी. नवा माग बसवला, की त्याला पहिल्या अमावास्येपर्यंत उघडा ठेवत नाहीत. घरातल्याच मागावर विणलेलं, जपून ठेवलेलं कापड त्याच्यावर पांघरतात, आणि अमावास्येला दिवेलागण होईपर्यंत ते उतरवत नाहीत. कर्णा काही माग नव्हता. पण बायाक्कांच्या लेखी सून ज्यावर काम करते ते घरातलं नवं साधन होतं, आणि त्याला जुन्या चादरीचा तुकडा बांधणं त्यांना जमेना. त्यांनी ट्रंक उघडली. तम्मण्णांनी हातमागावर विणलेली शहापुरी साडी होती, त्यांच्या लग्नानंतरची, अंगात रेशीम, पदर भरगच्च. घडीवर ती विरली होती. विरलेला भाग त्यांनी बाजूला ठेवला, धड राहिलेला पदर घेतला, कर्ण्याच्या चौकोनी तोंडाच्या मापाने त्याच्या कडा शिवल्या, चार कोपऱ्यांना नाड्या लावल्या, आणि बांधून टाकला. कॉलेजातून आल्यावर ऋतिकाने गच्चीत येऊन ते पाहिलं. तिला भरून आलं. ती पदरावरून हात फिरवत नुसती उभी राहिली, आणि खाली गेली. तिला दुसरं काही सुचलं नाही, मलाही नाही.

अमावास्या उजाडली. शहापुरात मागांच्या आवाजाशिवाय सकाळ झाली, की आपल्याच घरात आपण पाहुणे आल्यासारखं वाटतं. लांबच्या देवळातली घंटा ऐकू येते. कुणाच्या तरी घरात वाटी पडते आणि ती घरंगळत जाऊन थांबेपर्यंत ऐकू येते. बायाक्कांना यातलं काही नव्हतं. पण पायाखालची फरशी हलत नाही एवढ्यावरून त्यांना अमावास्या कळायची.

भरमा मिस्त्री मात्र अमावास्येचीच वाट बघत असतो. माग बंद असले की त्याची वेल्डिंगची कामं. त्याच्या ठिणग्यांपुढे मागाच्या मोटारी परवडल्या. बायाक्का स्वतः त्याच्याकडे जाऊन आल्या.

"दुपारच्या चहापातुर मशीन लावलास तर बघ."

"का गं आक्का?"

"आमच्याकडं ढग यायचा हाय."

भरमाने वर निरभ्र आकाशाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. बायाक्कांशी वाद घालायचा म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाणार.

जेवणं उरकून आम्ही गच्चीत जमलो. अमृतने सतरंजी घातली, लॅपटॉपवर ऊन पडू नये म्हणून सुपाचा आडोसा केला. समोरून शालूबाई ओरडल्या, "काय गं बायाक्का, भर दुपारी चांदन्या दावनार म्हनं सून तुझी?"

"तुला तुझी सून रोज दावती! माझी एकदाच दावती, ते पन बोलावून!"

शालूबाईंना ते लागलं असावं, पण कुतूहल त्याहून मोठं; पाच मिनिटांत त्या आमच्या जिन्यात होत्या.

ऋतिकाने यंत्र सुरू केलं. पडद्यावर केसाळ रेघ उमटली. "आता थांबायचं," ती म्हणाली. "एका क्षणाची रेघ खडबडीत असते. अशा हजारो रेघा एकावर एक घालायच्या. खोटं असतं ते आपोआप पुसत जातं, खरं असतं ते उरतं. मग इथे, मधोमध, एक उंचवटा वर येईल."

आम्ही थांबलो. रेघेचे केस हळूहळू गळत गेले. ऊन पाठीवर येत होतं, गल्लीतून तेलाचा आणि फोडलेल्या नारळाचा वास येत होता, आणि मला अर्धवट गुंगी आल्यासारखं झालं. वर नुसतं निळं होतं. त्या निळ्याच्या मागे, ऋतिका म्हणत होती तसा, वायूचा एक नदीएवढा पट्टा आमच्या डोक्यावरून सरकत होता. त्यात कुठे कुठे काळोखी दाट गाठी, गारठलेल्या, आतल्या आत आवळत चाललेल्या. कुणाला न दिसता, कसला आवाज न करता. आपण इथे भाकरी-आमटी करून, भांडी पालथी घालून वर येतो, आणि तिथे अजून कुणाचीच पहाट झालेली नाही.

रेघ सपाट झाली. अगदी सपाट. उंचवटा नव्हता.

ऋतिकाने वायरी काढून पुन्हा लावल्या. अमृतने कर्ण्याचे सांधे चाचपले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा केस गळेपर्यंत वाट बघितली. सपाट. ती घड्याळाकडे आणि आकाशाकडे बघायला लागली. पट्टा पश्चिमेला सरकत होता, खाली भरमाच्या चहाची वेळ होत आली होती, आणि सोमवारी तिला निघायचं होतं. पुढची अमावास्या महिन्याने, तेव्हा ती इथे नसणार.

बायाक्का लॅपटॉपसमोर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी सुनेचं तोंड बघितलं. "ऱ्हाऊ दे गं," त्या म्हणाल्या, त्यांच्या मानाने अगदी हळू. "आमास्नी न्हाय दिसायचं. तुला दिसतंय न्हवं? झालं."

ऋतिका पुन्हा वायरी चाचपायला लागली. 

शालूबाईंना हा सगळा प्रकार कळण्यासारखा नव्हता. त्या कर्ण्याभोवती फिरत होत्या. "अगं, ही तुझी ती साडी न्हवं का? नागपंचमीला नेसायचीस ती?"

"तीच! ह्यांनी इनलेली!" बायाक्कांचा आवाज परत गल्लीएवढा झाला. "हात लावून बघ. अस्सल जर हाय, चांदीचं पानी दिलेली तांब्याची तार! तुझ्या सुनेच्या शालूसारखं चकाकतं प्लॅस्टिक न्हवं!"

ऋतिकाने मान वर केली. "आई, काय म्हणालात? कसली जर?"

"तारेची."

"म्हणजे खरीखुरी तार? धातूची?"

"मग काय तर! वजन बघ की हातात घेऊन."

ऋतिकाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आम्हाला वाटलं रडतेय. ती हसत होती आणि रडतही होती. "मीच सांगितलं, कापड चालतं म्हणून! एवढा हात फिरवला मी ह्याच्यावरनं! आई, सुताला, रेशमाला लहर विचारत नाही. पण ही तार आहे. आपण कर्ण्याच्या तोंडावर जाळीच बांधलीय. आकाशातनं येतंय ते वरच्या वर परत चाललंय."

बायाक्कांनी हे सगळं ओठांवरून वाचलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "म्हंजे मीच झाकलं," त्या म्हणाल्या. उठल्या, कर्ण्यापाशी गेल्या आणि एका कोपऱ्याची नाडी सोडायला लागल्या. दिवेलागण व्हायला अजून किती वेळ होता. त्या घरात असं उतरवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शालूबाईसुद्धा म्हणाल्या, "अगं, आत्ताच?"

ऋतिकाने सासूचा हात धरला. "थांबा. काढू नका." ती पदराकडे बघत होती, अगदी जवळून. "पदरात जर कशी असते आई? आडवी का उभी?"

"आडवीच की गं. उभं सगळं रेशीम. धोट्यानं जाती ती जर."

"सगळी एकाच दिशेनं?"

"मग धोटा काय उभा पळतोय व्हय?"

ऋतिका कर्ण्याच्या बुडाशी वाकली, आतली तांब्याची तार कुठल्या बाजूने आहे ते बघितलं, पुन्हा पदराकडे बघितलं. "जर आणि ही तार एकाच दिशेला आहेत. म्हणून अडतंय. पदरातली जर हिच्याशी काटकोनात आली, की लहरीला मधनं वाट मिळते. उतरवायचं नाही. नुसतं फिरवायचं."

कर्ण्याचं तोंड चौकोनी होतं, पदर कसाही बसणार होता. अमृतने चारी नाड्या सैल केल्या, आणि आम्ही चौघींनी चार कोपरे धरले: बायाक्का, ऋतिका, शालूबाई आणि मी. पदर कर्ण्यावरून वीतभर उचलला, पण बाजूला केला नाही. लग्नात अंतरपाट धरतात तसा ताणून धरला, आणि चौघी एकदमच एकेक कोपरा पुढे सरकलो. शालूबाई उगाचच "सावधान" म्हणाल्या. पदर पुन्हा खाली टेकला. अमृतने नाड्या बांधल्या.

खालून भरमाने हाक मारली. शालूबाईंनी कठड्यावरून वाकून त्याला असं काही सुनावलं, की तो दुसरा चहा प्यायला गेला.

पुन्हा केसाळ रेघ. पुन्हा वाट. बायाक्का पडद्याकडे बघत होत्या. जेवणाच्या ताटाकडे बघावं तसं साधं, सरळ बघत होत्या. रेघेचे केस गळायला लागले. मग मधोमध काहीतरी फुगलं. आधी वाटलं भास आहे. पण ते बाकीच्यासारखं खाली बसेना. गव्हाची कणीक झाकून ठेवली की फुगते तसं, घाई न करता, ते वर येत राहिलं. आणि डाव्या अंगाला आणखी एक, त्याहून लहान, तेही वर आलं.

सगळे पडद्याकडे वाकले. शालूबाईसुद्धा.

"हे?" बायाक्कांनी बोट टेकवलं.

"हे, आई. हाच हायड्रोजन. यातलाच थोडा थोडा पुढे गारठून ढग होईल, ढगाचे तारे होतील. मी तिकडे जाऊन त्याच्या पुढचं बघणार, जोडी जमल्यावरचं."

"आनि हे बारकं?"

"तो आणखी लांबचा आहे. जरा बाजूला दिसतोय ना? तो आपल्याकडे येतोय म्हणून. लांब जाणारा असता तर ह्या बाजूला सरकला असता."

"येतोय? पोचंल कधी?"

"तसा नाही पोचायचा. आपणही फिरतोय, तोही फिरतोय."

"पन येतोय ते दिसतंय."

"हो. ते दिसतंय."

बायाक्का त्या बारक्या उंचवट्याकडे बघत राहिल्या. गल्लीतलं ऊन कलायला लागलं होतं आणि पीस सोनेरी होऊन उंबरठ्यांवर तरंगत होतं. खूप वेळाने त्यांनी सुनेकडे मान वळवली, तिच्या ओठांकडे नीट बघत, म्हणजे आता बोल, अशा अर्थी.

"तू गेल्यावर हे कसं लावायचं?"

ऋतिकाला कळलं नाही. "काय, आई?"

"हेच गं. कुठली कळ आधी, कुठली मागनं. अमावास्येला माग बंद असत्यात. दिसभर मी काय करू, शालूबाईचं तोंड बघत बसू?"

"तुझ्यापरीस बरंच हाय माझं तोंड!" शालूबाई म्हणाल्या.

ऋतिकाने लॅपटॉप सरकवून सासूच्या मांडीपुढे ठेवला. सगळं बंद केलं. उंचवटा गेला, पडदा काळा झाला. मग एकेक करून दाखवलं: आधी ही पेटी, हिचा हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचं, मग हे दाबायचं, मग हे. बायाक्कांनी नेसत्या साडीच्या पदराला बोट पुसलं आणि तसं केलं. दिवा लागला. केसाळ, वेडीवाकडी रेघ पडद्यावर उमटली.

"आता?"

"आता काही नाही. वाट बघायची."

"मग आधीच सांगायचंस की तसं," बायाक्का म्हणाल्या, "त्यात काय शिकायचंय," आणि भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसल्या.